थान म्हणायची लाज

मी पंचफुला. बिलोलीजवळच्या आमच्या गावात अठरा वर्षं आशाताई हाय, आन् कुणाच्या बापाला भीत न्हाई.

गेल्या साली दिवाळीत अंगणवाडीच्या भिंतीवर मी एक तक्ता लावला. थानात गाठ कशी चाचपायची, त्येचं चित्र. मीच काढलं व्हतं, आन् वर ठळक 'थान' असंच लिवलं व्हतं. माझी माय त्याच गाठीनं गेली. शरमेपायी मरस्तोवर "छातीत दुखतंय" एवढंच म्हणली.

गावचा पुढारी व्यंकटराव खवळला. नागडं चित्र, लेकीबाळी बिघडतील म्हणून त्येनं ठाण्यात तक्रार ठोकली. हवालदार शिवमूर्ती तक्ता गुंडाळून घिऊन गेला, माझ्यावर अश्लीलतेचा गुन्हा! शिक्षा झाली तर माझं काम जाणार, आन् बाया पुन्हा मुक्यानं मरणार.

वकील कोण? माझीच लेक, लुंबिनी. काळा कोट घालून कोर्टात उभी राहिली तवा माझा ऊर असा भरून आला, काय सांगू!

तिनं शिवमूर्तीला इचारलं, "पंचनाम्यात 'नको तो अवयव' लिहिलंय. कोणता?"

त्यो पायाकडं बघाय लागला. "म्याडम... तेच ते."

"लहानपणी दूध कुठं प्यालात?"

सगळं कोर्ट खदखदलं. जजसाहेबांनी टेबल आपटलं, पर त्येंच्या मिशीतबी हसू व्हतंच.

मग लुंबिनी कडाडली, "साहेब, वासना चाळवणारं असेल तरच ते अश्लील. लोकांच्या भल्यासाठी, ज्ञानासाठी काढलेल्या चित्राला कायदाच सूट देतो. न्याय संहितेचं कलम दोनशे चौऱ्याण्णव पूर्ण वाचा."

साहेबांनी मला इचारलं, "बाई, हा शब्द लिहायलाच पाहिजे होता का?"

"हाव साहेब. माझ्या मायला थान म्हणता आलं असतं तर ती जगली असती."

मी निर्दोष सुटले, तक्ता परत करायचा हुकूम झाला. अशी माझी पोरगी!

तक्ता हातात देताना शिवमूर्ती हळूच म्हणला, "मावशी, वरीसभर ठाण्यात ह्ये चित्र बघून राहिलो. माझ्या मायलाबी तसंच हाय."

"आरं मुडद्या, मंग बोलला का न्हाईस?"

"तोंडातून शब्दच फुटंना."

मी त्येचा दंड धरला. "आता तरी बोल. कुठं हाय गाठ?"

कोर्टाच्या दारात, सगळ्या माणसांदेखत त्यो म्हणला, "थानात, मावशी."

त्येच्याच फटफटीवर बसून मी त्येच्या मायकडं गेले.