लॉगर क्रमांक चार

“मॅडम, तुमच्या आलेखातलं एक वर्ष गायब आहे. ते कुणी लपवलं?”

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं, आवाज माझा, पण पैज माझ्या वर्गातल्या ऋतुजा आणि केयूरची. “विचारून दाखव, मग मानू,” असं केयूर कानात म्हणाला आणि मी उभीच राहिले. नववीच्या तिन्ही तुकड्या हॉलमध्ये बसलेल्या. गेल्या वर्षी मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. पण या वर्षी वक्तृत्वात पहिला नंबर आला आणि तेव्हापासून माझ्या अंगात काहीतरी शिरलंय, असं आई म्हणते. शिरलंय खरं. मला आवडतंय ते.

पाहुण्या म्हणजे डॉ. हेमा आगाशे. त्यांची टीम दर उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या एका खाडीत एक लांब दोर सोडते. दोराला वरपासून खालपर्यंत यंत्रं बांधलेली. ती वर्षभर पाण्याखालच्या अंधारात राहून पाणी किती गार, किती खारट, किती खोल ते मोजत राहतात. पुढच्या उन्हाळ्यात जुना दोर काढायचा, नवा सोडायचा. असं दहा वर्षं. पडद्यावर त्या दहा वर्षांची रेघ होती आणि मधे, दोन हजार सतरा-अठराला, नुसती मोकळी जागा. त्याआधी खाडीवर चार-चार महिने बर्फ धरायचा, त्यानंतर जेमतेम तीन आठवडे. म्हणजे जे काही झालं ते नेमकं त्या मोकळ्या जागेत झालं. नेमकं!

मॅडम तीन सेकंद गप्प. मग म्हणाल्या, “ते वर्ष मी वापरत नाही. पुढचा प्रश्न?”

“तीन सेकंद!” बाहेर पडताना केयूर नाचायलाच लागला. तो आमच्या भित्तिपत्रकाचा संपादक आहे, स्वतःला फार मोठ्या पेपरचा समजतो. “गिल्टी आहेत त्या. सोमवारच्या अंकात टाकतो. ‘शास्त्रज्ञांनी वर्ष लपवलं’.”

“पुरावा काय?” ऋतुजा म्हणाली.

“ही आणेल की. हिच्याच गल्लीत नुकत्या राहायला आल्यात त्या.”

शुक्रवारी क्लास सुटल्यावर मी मॅडमच्या दाराशी हजर. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आलीस? मला वाटलं, तू पोलीस पाठवशील.”

“मी कादंबरी, नववी ब. क्लास सुटून सरळ आले. मला ते वर्ष बघायचंय.”

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. मग माझा संशय पक्का झाला असता आणि मी खुशीत घरी गेले असते. पण त्यांनी सरळ लॅपटॉप पुढे ओढला. फायलीचं नाव होतं ‘चार – वापरू नये’. बघा! मी मनात म्हटलं.

“खाडीत रोज दोनदा भरती येते,” मॅडम म्हणाल्या. “ती कधी येणार ते आधीच गणिताने कळतं. ही निळी रेघ म्हणजे गणित. ही लाल म्हणजे त्या वर्षी आमच्या लॉगर क्रमांक चारने, म्हणजे अख्ख्या दोराच्या नोंदी साठवणाऱ्या यंत्राने, नोंदवलेली. काय दिसतं?”

दोन्ही रेघा हुबेहूब. फक्त लाल थोडी उजवीकडे सरकलेली, सगळीकडे सारखीच. मी चौकोन मोजले. दोनदा मोजले.

“साडेपाच तास उशिरा.”

“जगात साडेपाच तास कुणाचे?”

“आपले!” मी ओरडलेच. भारताचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, भूगोलात मार्क मिळालेत मला त्याचे. “म्हणजे कुणीतरी यंत्राचं घड्याळ पुण्याच्या वेळेवर लावलं! मग सरकवा ना मागे. संपलं.”

“हे वाच.”

त्यांनी एक जुना फॉर्म उघडला. सगळी यंत्रं पुण्यातच तपासून, चालू करून पेटीत भरतात, आणि नियम असा की प्रत्येक घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावायचं. फॉर्मवर लिहिलं होतं, वेळ ११:१०. पुढे ‘ग्रीनिच’ या चौकोनात ठसठशीत बरोबरची खूण.

“ज्याने लावलं त्याला मी तीनदा फोन केला,” मॅडम म्हणाल्या. “तिन्ही वेळा तो म्हणाला, ग्रीनिचच. आता कागद एक सांगतो, समुद्र दुसरं सांगतो. मी अंदाजाने आकडे सरकवले, तर उद्या तुझ्यासारखी कुणीतरी उभी राहील आणि विचारेल, आणखी कुठे कुठे सरकवलेत?”

“पण वर्षभराच्या नोंदीत साडेपाच तासांनी काय होतंय?”

“कोमट पाणी खाडीत आधी वरून शिरलं की तळाकडून, हे बघायचंय मला. ते भरतीच्या वेळेशी ताडून कळतं, तिथे तासातासाचा फरक पडतो. खाडी बदलली ती त्याच वर्षी, आणि तेच वर्ष माझ्याकडे नाही. मार्चमध्ये मी रिटायर होतेय. शेवटचा अहवाल या भोकासकट जाईल, जाऊ दे.”

‘जाऊ दे’ त्या अशा म्हणाल्या की जाऊ द्यायचं नव्हतंच.

मी फॉर्मवर खाली पाहिलं आणि माझे कान गरम झाले. ‘यो’ला लांब शेपूट, त्याखाली दोन टिंबं. ही सही माझ्या प्रगतिपुस्तकावर वर्षातून चार वेळा असते.

“मॅडम, मी निघते. क्लासला उशीर होतोय.”

“मगाशी तर क्लास सुटून आलीस म्हणालीस.”

मी चपला हातात घेऊनच जिना उतरले.

बाबाचं बुधवार पेठेत दुकान आहे. प्रयोगशाळेचे वजनकाटे, तापमापक, मीटर तो दुरुस्त करतो, तपासून देतो. त्याआधी तो ‘एका संस्थेत’ होता, एवढंच मला माहीत. माझ्या आठवणीत तो एक निळा डबा आणि ओळखपत्र घेऊन जायचा आणि मी दुसरीत असताना जायचा बंद झाला.

रात्री जेवताना मी अगदी सहज, म्हणजे मला वाटलं तितकं सहज, विचारलं, “बाबा, तू कधी समुद्रात टाकायची यंत्रं बघितलीयस?”

त्याचा घास थांबला. “कुणी विचारलं?”

मी ‘का’, ‘कधी’, ‘हो’, ‘नाही’, यातल्या कशाचीही वाट बघत होते. ‘कुणी’ची नाही.

“शाळेत एक लेक्चर होतं.”

“कोण आलं होतं?”

“आठवत नाही.” मी खोटं बोलले. त्यानेही आमटी वाढून घेतली, जी त्याला आवडत नाही. आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

शनिवारी अर्धी शाळा. आईने दिलेला डबा घेऊन मी दुकानात गेले. बाबा तो घरीच विसरला होता, एवढा सकाळी हरवलेला होता म्हणे. डबा घेऊन तो म्हणाला, “पाच मिनिटं बस, एक पार्ट आणतो,” आणि समोरच्या दुकानात गेला.

बाबाची एक सवय आहे. यंत्र उघडलं की खिशातल्या छोट्या डायरीत नोंद. तारीख, मनगटावरच्या घड्याळातली वेळ, काय केलं. गिऱ्हाईक भांडायला आलं तर म्हणून. सगळ्या डायऱ्या खालच्या खणात वर्षाप्रमाणे लावलेल्या. मी दोन हजार सतराची ओढली. मी स्वतःला सांगत होते की मी बाबाला निर्दोष ठरवायला हे करतेय. खरं नव्हतं ते. मला नुसतं कळायला हवं होतं.

बारा मे. ‘लॉगर चार. घड्याळ लावून सुरू केला. सकाळी ११.१०. गाडी खाली थांबलीय.’

सकाळी. पुण्यात सकाळी अकरा-दहा म्हणजे ग्रीनिचला पहाटेचे पाच-चाळीस. फॉर्मवर मात्र तेच अकरा-दहा, ग्रीनिच म्हणून.

“शाळेचं काही शोधतेयस?” बाबा दारात होता.

“नाही. दोन हजार सतराचं.”

तो आत आला. पार्ट टेबलावर ठेवला.

“पेटी मुंबईला जायची होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हातातल्या घड्याळावर लावलं आणि फॉर्म नेहमीसारखा भरून टाकला.”

“कधी कळलं तुला?”

“वर्षाने. बाईंचा फोन आला तेव्हा.”

“मग तेव्हाच सांगायचं ना!”

“पहिल्यांदा तोंडातून ‘ग्रीनिचच’ निघून गेलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा पहिलं खरं करावं लागलं. तिसऱ्यांदा...” त्याने डायरीसाठी हात पुढे केला. “कादंबरी, माझी सही बघून लोक काटा खरा मानतात. निम्म्या लॅब माझ्याकडे येतात त्या तेवढ्यावर. हे बाहेर गेलं तर कुणी का यावं?”

मी डायरी दिली नाही. दप्तरात टाकली. त्याने मला अडवलंही नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

घरी येईपर्यंत केयूरचे सात मेसेज. ‘पुरावा मिळाला का?’ ‘हेडिंग लाल अक्षरात करतोय.’ त्याला मी काय सांगणार होते? गप्प बसले तर सोमवारी भिंतीवर मॅडम खोटारड्या. बोलले तर बाबा. आणि गप्प बसणं किती सोपं होतं! एक मेसेज पाठवायचा, ‘पुरावा नाही’, बास. पण मॅडमची मोकळी जागा मोकळीच राहिली असती, आणि ती कशाने भरते ते माझ्या दप्तरात, भूगोलाच्या वहीशेजारी पडलं होतं. केयूरला लिहिलं, ‘थांब. मॅडमनी काहीही लपवलेलं नाही. छापलंस तर मी स्वतः फाडेन.’

रविवारी सकाळी चहाला तिघं बसलो. आईला बाबाने रात्रीच सांगितलं होतं, तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

“अगं, आठ वर्षं झाली,” आई म्हणाली. “त्या खाडीतलं पाणी काय कोथरूडला येणारे? कशाला उकरून काढायचं?”

“आई, अख्ख्या नोंदीत तेवढंच एक वर्ष नाहीये. आणि ज्यात सगळं बदललं तेच.”

“आणि याचं दुकान?”

“माहितीये मला.”

बाबा कपाकडे बघत होता. मला एकदम गेल्या वर्षीची मी आठवले, हजेरीसुद्धा पुटपुटणारी. त्याचा चेहरा अगदी तसाच होता. मी उभी राहिले. उभं राहिलं की मला बोलता येतं.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “अकरा वाजता मी डायरी घेऊन मॅडमकडे जाणार आहे. बाबा, तू आलास तर तू सांग, मी मधे एक शब्द बोलणार नाही. नाही आलास तर मी सांगेन. माझं आडनाव त्यांना अजून माहीत नाही, तेही सांगेन.”