मावशींची गोपनीय रजा

विद्यापीठाच्या टपालखोलीत मावशींचं टेबल आणि साहेबांचं टेबल यांत मोजून सहा पावलांचं अंतर होतं. मावशी सगळ्या विभागांची पाकिटं भिंतीवरच्या एकशेचाळीस खणांत लावत. बावीस वर्षं हेच काम. कोण प्राध्यापक कोणाशी बोलत नाही हे त्यांना पाकिटांवरून कळे. शेजारशेजारच्या खोल्यांतली माणसं एकमेकांना टपालानं पत्रं धाडायला लागली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

त्या सोमवारी मावशींनी स्वतःचा अर्ज लिहिला. पुढच्या सोमवारी मुलीचं बाळंतपण ऑपरेशननं व्हायचं होतं. जावई जहाजावर, घरात दुसरं माणूस नाही. शुक्रवारी दुपारी गाडी होती, त्यानंतरची थेट मंगळवारी. "आई, शुक्रवारच्या गाडीत बसलीस तर तू, नाहीतर शेजारीण," असं मुलीनं फोनवर बजावलं होतं.

मावशी सहा पावलं चालल्या आणि अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो तापलेल्या तव्यासारखा दोन बोटांनी मागे सारला.

"अहो मावशी, हातोहात? आपणच असं केलं तर बाकीच्यांनी टपालावर विश्वास ठेवायचा कसा?"

"साहेब, तुम्ही समोरच तर बसलाय."

"मी इथे बसलोय. माझा खण तिकडे आहे."

मावशींनी अर्ज खणात टाकला. खणातलं टपाल दुसऱ्या दिवशी टपालाच्या गाडीतून निघे, अकरा इमारती फिरे, आणि टपालखोली हा गाडीचा शेवटचा थांबा होता. गाडी हाकायचा तुफान. सायकलवाले त्याला मागे टाकून जात, म्हणून हे नाव.

"मावशी, तुमचा अर्ज सहलीला निघालाय जणू," तो म्हणाला.

"खिडकीशी बसव त्याला," मावशी म्हणाल्या.

मंगळवारी चारला अर्ज सहा पावलांवर पोचला. साहेबांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि खरोखर हळहळले. "अरे! मुलीचं बाळंतपण? बोलला नाहीत ते कधी!" त्यांनी 'शिफारस करण्यात येते' असं लिहून तो प्रशासनाकडे धाडला. बुधवारी तो तिथे गेला. गुरुवारी चारला परत आला, सोबत प्रश्न घेऊन: अर्जदाराच्या गैरहजेरीत टपाल कोण लावणार, याचा खुलासा व्हावा.

आता खुलासा शुक्रवारी जाणार, उत्तर सोमवारी येणार.

शुक्रवारी सकाळी त्या पाकिटांच्या ढिगापुढे नुसत्याच उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत धावत गेलेली पत्रं त्यांनी एकाच जातीची पाहिली होती. ती कोणी गाडीतल्या पोत्यात टाकत नसे. हातात धरून नेत, वाटेत चारचौघं ती चाचपत, एखादा उजेडाकडे धरून बघे, आणि ती घटकेत पोचत.

'टपाल साहेब लावतील' एवढा खुलासा लिहून मावशींनी तो अर्जाला जोडला. पाकिटाला दुप्पट डिंक फासला आणि लाल पेनानं ठसठशीत लिहिलं: 'गोपनीय'.

तुफाननं ते बघितलं आणि पहिला थांबा चुकवला. दहा वाजता पाकीट प्रशासनात पोचलं. साडेदहाला मुलीच्या ऑपरेशनची वेळ ग्रंथालयात ठाऊक झाली होती. अकराला रसायनशास्त्राच्या बाई स्वतः येऊन विचारून गेल्या, "टाक्यांचं ऑपरेशन ना हो?" साडेअकराला प्रशासनाचा शिपाई धापा टाकत मंजुरी घेऊन आला. गोपनीय पत्राचं उत्तर गोपनीयच असतं.

मावशींनी कागद साहेबांपुढे धरला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"दाखवू नका! त्यावर माझं नाव नाही."

"आत आहे ना तुमचं. टपाल तुम्ही—"

"आतलं तर मुळीच सांगू नका."

"मग मी जाऊ की नको?"

"जा की. मला कळणार नाही."

"आणि हजेरी?"

साहेब विचारात पडले. "रजा लिहिली तर गुपित फुटेल. हजर लावतो."

मावशींनी गाडी गाठली.

सोमवारी दुपारी दवाखान्यात त्यांचा फोन वाजला. साहेब दबक्या आवाजात बोलत होते.

"मावशी, इथे पाकिटांचा ढीग माझ्या खुर्चीला टेकलाय. पण गंमत म्हणजे तक्रार एकही नाही."

"तक्रारी त्या ढिगातच असतील, साहेब."

साहेबांनी आवाज आणखी खाली आणला.

"बरं, तुम्ही कुठे आहात ते मला माहीत नाही, विचारायचंही नाही. पण... झालं काय?"

मावशींनी हातातलं दुपटं सावरलं. "नात. दोघी सुखरूप आहेत."

"नात झाली!" पलीकडून पंचवीस-तीस गळे एकदम ओरडले, त्यात तुफानचा सगळ्यांत मोठा. साहेबांनी फोनवर हात ठेवला, तरी मावशींना स्वच्छ ऐकू आलं. ते कोणाला तरी दटावत होते, "हळू, हळू! गोपनीय आहे!"