एकशे त्रेचाळिसाव्या नंबरचं कॉलेज

मामाने ती यादी लॅमिनेट करून आणली, तेव्हाच मला कळलं की माझं कॉलेज ठरलंय, फक्त मला सांगायचं राहिलंय. एवढी हौस त्याने स्वतःच्या लग्नाच्या फोटोचीही केली नव्हती. दोनशे कॉलेजं, क्रमाने, आणि नवव्या नंबरावर पिवळी रेघ. आमच्याच शहरातलं, माझ्या मार्कांत बसणारं. नशीब काढलं पोरीने, असं तो आईला म्हणाला आणि आईने लगेच चहा टाकला.

मला भूगर्भशास्त्र शिकायचंय. म्हणजे दगड. त्यावर घरात हसून झालंय. पण मला नदीपलीकडचं कॉलेजही बघायचंय, एकशे त्रेचाळिसावं, असं मी म्हटलं तेव्हा कुणीच हसलं नाही. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही ती मुलं तिथे जातात, असं मामाचं म्हणणं. अर्जाची मुदत शनिवारी संपत होती आणि खाली सही बाबांचीच लागणार होती.

मागच्या वर्षीची मी असते तर न्हाणीघरात जाऊन रडले असते. पण यंदा वादविवाद स्पर्धेत मी वरच्या वर्गातल्यांनाही गुंडाळलंय, आणि तोंड उघडायची चटक एकदा लागली की सुटत नाही.

बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानांतले, दवाखान्यांतले, सोनारांचे. कुठेही गेले की आधी पिशवीतून स्वतःची पितळेची वजनं काढतात आणि काट्यावर ठेवून बघतात. माझा काटा एकदम बरोबर आहे, असं दुकानदार कितीही सांगू दे, ते फक्त मान हलवतात आणि वजन ठेवतात.

म्हणून मी त्यांनाच विचारलं, "बाबा, मामाची यादी ज्या काट्यावर मोजलीय, तो काटा कुणी तपासलाय?"

मोठमोठे लोक बसून यादी करतात, मामा म्हणाला. मी यादी उलटी केली आणि मागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. इमारतींना गुण, छापून आलेल्या शोधनिबंधांच्या संख्येला गुण, इतर कॉलेजांच्या प्रमुखांना काय वाटतं त्याला गुण. आणि बरीचशी माहिती कॉलेजांनी स्वतःच भरून पाठवायची. शिकवतात कसं, याला एकही रकाना नाही. मी म्हटलं, म्हणजे दुकानदारालाच विचारायचं, तुझा काटा बरोबर आहे का.

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. "मग तुझं वजन कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी उशाजवळचा माझा दगड आणला. काळा, भोकाभोकांचा, तीन वर्षांपूर्वी नदीकाठी सापडलेला. तो ज्वालामुखीचा असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ठरलं असं, की दोन्हीकडे हाच दगड दाखवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, हा काय आहे.

बुधवारी आम्ही नवव्या नंबरावर गेलो. दारातच भिंतीवर नऊचा आकडा, माझ्या उंचीचा. प्रयोगशाळेत नमुने काचेच्या कपाटात, कपाटांना कुलपं. बाबा सवयीने तिथल्या काट्याकडे गेले, तर त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टणही काढलेलं नव्हतं. तिथल्या सरांनी माझ्या तळहाताकडे लांबूनच पाहिलं, हात खिशातच ठेवून. म्हणाले, ज्वालामुखीचा खडक, पहिल्या सत्रातच येतो. मग एक गुळगुळीत पुस्तिका दिली. खरं सांगायचं तर मी खूश झाले. माझंच बरोबर निघालं होतं ना.

गुरुवारी एकशे त्रेचाळीस. जिन्याचा रंग उडालेला, प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नाही, कारण जमिनीवरही दगड. तिथल्या मॅडमनी उत्तर दिलंच नाही. दगड मुलांच्या टेबलावर ठेवला आणि आपण बाजूला झाल्या. कुणी तो घासला, कुणी लोहचुंबक लावला. एका मुलीने हातोडी उचलून मला विचारलं, "फोडू?"

काळजावर दगड ठेवून मी हो म्हटलं.

आतून काचेसारखं चकचकीत निघालं आणि मधोमध कोळशाचा तुकडा. पंधरा मिनिटं ती मुलं भांडली, मग मॅडमनी भिंगातून बघून त्यांचं म्हणणं मान्य केलं. तो दगडच नव्हता. लोखंडाच्या भट्टीतला मळ, वितळताना वर येतो आणि बाहेर फेकतात तो. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग हसू फुटलं ते थांबेचना. तीन वर्षं मी कचरा उशाशी घेऊन झोपत होते, आणि तो आता मला कालच्यापेक्षा जास्त आवडत होता.

तोवर बाबांनी आपलं दोनशे ग्रॅमचं वजन तिथल्या काट्यावर ठेवलं होतं. काटा दोनशे तीन दाखवत होता. त्यांनी ते मॅडमच्या कानावर घातलं, अगदी हळू आवाजात. मॅडमनी सगळ्यांना हाक मारली. "इकडे या. आपला काटा खोटं बोलतोय."

एका मुलाने महिन्याभराच्या वजनांच्या नोंदींची वही काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. मॅडमनी बाबांना खडू दिला. काटा कसा बिघडतो, हे माझे बाबा, शाळा अर्धी सोडलेले, फळ्यासमोर उभे राहून अर्धा तास सांगत होते आणि मुलं लिहून घेत होती.

घरी मामाला हे कळल्यावर त्याची कळी खुलली. बघा, तिथला तर काटाच चुकीचा निघाला.

"होता चुकीचा," बाबा म्हणाले. "सांगितल्यावर त्यांनी वही काढली. काढत नाही कुणी."

शनिवारी मी अर्जाच्या पहिल्या रकान्यात एकशे त्रेचाळिसावं लिहिलं. दुसऱ्यात नववं लिही, असं बाबांनी सांगितलं, तेही लिहिलं, कारण सही करणाऱ्या माणसाला नाराज करून चालत नाही. त्यांनी सही केली. लोकांना काय सांगायचं, असं मामाने विचारलं. मी म्हटलं, नंबर सांग, सगळे आकडे नीट उच्चारून.

मग त्याच्या यादीत माझ्या कॉलेजाखाली रेघ मारायला गेले, तर लॅमिनेटवर पेन उठेना. शेवटी मी फुटलेला अर्धा तुकडा आणला आणि त्या ओळीवर ठेवला.

"राहू दे आता दगड तिथेच," मी म्हटलं.

"मळ," बाबांनी दुरुस्त केलं.