आत्यांच्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मला हाडे नाहीत, नाहीतर संशय माझ्या हाडीमाशी खिळला आहे असे म्हटले असते. लोहाराने मला घडवले, सुताराने दाराला आतून बसवले, तेव्हापासून बाहेर पाऊल वाजले की मी सावध होते.

घर पुस्तके बांधणाऱ्या एका बाईंचे. सगळे त्यांना आत्या म्हणत. म्हाताऱ्या, एकट्या, कुणाच्या मिंध्या नसलेल्या. पण दार दिवसभर नुसते लोटलेले. ज्याला लागेल त्याने आत यावे, त्यांचे मोठे टेबल, कात्री, खळीचे भांडे खुशाल वापरावे. दार वाजवायची कुणाला सवयच नव्हती. वरच्या मजल्यावरची शिवणवाली रोज दुपारी कापड बेतायला येई. ती निघाली की मी तिच्या पिशवीकडे टक लावून बघे. कधी काही सापडले नाही, म्हणून संशय आणखी वाढला.

आत्यांचा भाचा मात्र माझ्याच वळणाचा निघाला. दिवस वाईट आहेत, कडी लावून बसत जा, असा त्याने हट्टच धरला. त्याच्या समाधानासाठी आत्यांनी एका दुपारी मला लावले. मी अगदी धन्य झाले.

त्याच दुपारी स्टुलावरून पाय घसरून आत्या पडल्या. उठता येईना, आवाज फुटेना. बाहेर शिवणवाली आली. तिने दार ढकलले, ते उघडले नाही. वाजवायचे तिला सुचलेच नाही. आपण आता नकोशा झालो, असे समजून ती खालमानेने परत गेली. तिची पावले दूर जाताना आत्या ऐकत होत्या. मीही ऐकत होते, आणि मला फार भीती वाटली. कडी आपणहून निघत नाही.

काही वेळाने ती परत आली, शेजारच्या रंगाऱ्याला घेऊन.

"आत्या चिडल्या असत्या तर तोंडावर बोलल्या असत्या," ती त्याला सांगत होती. "दार लावून बसणं त्यांच्यात नाही. मला या कडीचाच संशय येतोय. फोडा दार."

जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. माझ्यावर घेणारी ती पहिलीच. दोन धक्क्यांत माझे स्क्रू उखडले, आणि आत्या वाचल्या.

भाचा लांब स्क्रू घेऊन आला, तेव्हा प्लॅस्टरमधला पाय सावरत आत्या म्हणाल्या, "लाव बाबा. पण रात्रीपुरतीच."

आता शिवणवालीचेही दार दिवसा उघडे असते. शेजारच्या मुली तिच्या मशीनवर शिवण शिकतात. कापड बेतायला त्या आत्यांच्या टेबलाशी येतात, तेव्हा त्यांच्याही पिशव्यांवर माझी नजर असते, ते सोडा.

मित्रांनो, कड्यांना गंज चढू देऊ नका, अधूनमधून तेल घाला. पण रोज उघडे असणारे एखादे दार बंद दिसले, तर रुसून परत फिरू नका. आधी ते वाजवा.