उशाशी उभी असलेली पाहुणी

परदेशातल्या त्या इस्पितळात तिला सगळे पाहुणी म्हणत. डॉक्टरकीची विद्यार्थिनी, महिनाभरासाठी आलेली, आणि तिला काहीही करून बघायचं होतं ते बाळंतपण. पण नशीबच फुटकं. एकीने नको म्हणून सांगितलं, दुसरीला ऐन वेळी ऑपरेशनला नेलं, आणि तिसरीचं बाळ आलं तेव्हा ही बया कॅन्टीनमध्ये चहा पीत बसली होती. आता शेवटचा दिवस उजाडला होता. न बघता परत जायचं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी येण्यासारखं होतं.

"जा, स्वतः विचार," सुईणबाई म्हणाल्या. तिथे बाळंतपणाची सगळी सूत्रं त्यांच्याच हातात असत. डॉक्टर लागलाच तर येई. "ती हो म्हणाली तरच आत. आणि असं तोंड पाडून विचारू नकोस, तिला वाटेल काहीतरी बिनसलंय."

खोलीत एक तिशीतली बाई पलंगाची कड धरून वाकून उभी होती. नवरा तिची कंबर चोळत होता. कळ ओसरेपर्यंत पाहुणी दारातच थांबली, मग तिने भीत भीत विचारलं.

"बघायचंय?" बाई धापा टाकत म्हणाली. "बघ की. पण माझ्या उशाशी उभं राहायचं आणि माझ्याकडे बघायचं. खाली नाही."

"म्हणजे... बाळ?"

"बाळाकडे बघायला माणसं काही कमी नाहीत. मोठ्याच्या वेळी त्याने ट्यां केलं आणि सगळे तिकडे धावले. हासुद्धा!" नवऱ्याने मान खाली घातली, पण चोळणं थांबवलं नाही. "मी इकडे एकटी थरथरत पडलेय, कुणाला पत्ता नाही. या वेळी एक माणूस माझं हवं."

पाहुणीचा चेहरा पडला. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. पण नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? ती हो म्हणाली.

मग ती उशाशी उभी राहिली ती राहिलीच. ओल्या फडक्याने कपाळ पुसलं, पाण्याचा पेला ओठांना लावला. कळ यायच्या आधी बाईच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, बारीकशी आठी पडते हे तिच्या लक्षात आलं. आठी दिसली की ती हात पुढे करी, आणि बाई तो असा आवळी की हाडं मोडतील असं वाटे. मधल्या वेळात बाई आपल्या सासूच्या नकला करून हसवत होती. पाहुणीला ती मनापासून आवडली.

दुपार कलली तशी गडबड वाढली. "डोकं दिसतंय!" सुईणबाई म्हणाल्या. "केस तरी केवढे!" नवरा चटकन तिकडे वळला. पाहुणीची मानही आपसूक फिरू लागली. महिनाभर जिचा ध्यास घेतला ती गोष्ट दोन पावलांवर होती. बाईचे डोळे मिटलेले होते. एकदा नजर टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

बाईच्या कपाळावर आठी पडली. पाहुणीने मान वळवून घेतली आणि हात पुढे केला.

मग बाळ रडलं. सगळी खोली त्या आवाजाकडे लोटली. बाईने डोळे उघडले, आणि बाळाला शोधायच्या आधी वर पाहिलं.

"बघतेयस ना?"

"बघतेय," पाहुणी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मुलगी झाली होती. तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं, तेव्हा कुठे पाहुणीने तिला पाहिलं. ती बाहेर येताना बघायचं राहिलं याची हुरहुर होतीच, खोटं कशाला बोला? आवराआवर झाल्यावर नवरा तिच्याजवळ आला.

"एक विचारू?" तो ओशाळून म्हणाला. "बाळ येताना ही कशी दिसत होती? मी या वेळीही तिकडेच..."

पाहुणी खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.

"जरा सावकाश," बाई डोळे न उघडता म्हणाली. "मलाही ऐकायचंय."