पवनबाबांची शंखनळी

शनिवारी सकाळी लालबागच्या नाक्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध धोंडू परबाची पिकअप उभी. बॉनेटला शेंदूर, हेडलाइटला रुईच्या माळा, आणि इंजिनात कमरेपर्यंत वाकलेले पवनबाबा. अंगात भगवी कफनी, गळ्यात स्पॅनरांची माळ. हो, स्पॅनरांचीच. रुद्राक्ष काय, कुणीही घालतं.

"हे बघा बंधन!" बाबांनी इंजिनावरचा काळा डबा उपटून वर धरला. "इंजिन म्हणजे कोण? साक्षात मारुती! वाऱ्याचा पुत्र! आणि गोऱ्या साहेबानं काय केलं? मारुतीच्या नाकावर डबा बसवला! दिल्लीनं आपली मुंबई अडकवून ठेवली, तसा साहेबानं आपला मारुती कोंडला!"

"झालाच पाहिजे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. सत्तावन्न साल होतं. संयुक्त महाराष्ट्राची घोषणा तेव्हा शिंकेसारखी निघायची, कारण लागायचं नाही.

डब्याच्या तोंडाशी काहीतरी करडं लोंबत होतं. मी तिकडे पाहायचं टाळलं.

बाबांनी डब्याच्या जागी काळ्या दोऱ्यानं बांधलेली पितळी जाळी बसवली. दिसायला थेट चहाची गाळणी. मग गाडीखाली शिरून त्यांनी सायलेन्सरची मागपर्यंत जाणारी लांब नळी कापून टाकली आणि तिथे वीतभर कर्णा ठोकला. त्याचं नाव शंखनळी. डबा गेला गोणत्यात, शनिवारच्या शनिवारी समुद्रात विसर्जन करायला.

"मार स्टार्टर!"

गाडी अशी डरकाळली की समोरच्या इराण्याच्या बरण्या थरथरल्या. धोंडूनं भायखळ्याच्या बाजारातून आणलेल्या कोबीच्या गोण्या भरल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये करी रोडचा पूल चढून दाखवला. कालपर्यंत ह्याच पुलावर ती पहिल्या गिअरमध्ये कण्हायची. लोकांनी टाळ्या पिटल्या, नारळ फुटले.

मी मागं उभा होतो आणि माझ्या पोटात नुसता जाळ उठला होता. सरळच सांगतो. बाबा खरा की खोटा, ह्याचं मला तेव्हा काही पडलं नव्हतं. ती गाडी माझी होती. लष्कराच्या भंगारातून, डिस्पोजलमधून, धोंडूनं नुसता सांगाडा ओढून आणला, तेव्हा मी, रामदास मिस्त्रीनं, माझ्या करी रोडच्या गॅरेजात सहा महिने खपून ती उभी केली. चार महिने धोंडू म्हणत होता, गाडीला चढाला दम लागतो. मी म्हणायचो, वय झालं रे, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. आणि ह्या कफनीवाल्यानं पाव तासात ती पळवली! माझ्या गिऱ्हाइकांच्या अकरा गाड्या त्यानं अशाच नेल्या होत्या. धोंडूची बायको, कौसल्यावहिनी, सणाला मला घावणे पाठवायच्या, ते यंदा बाबांकडे गेले. त्या घावण्यांचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर सभा होती. चाळीतल्या बाया धोंडूच्या गाडीत मागं बसल्या. ऊन म्हणून ताडपत्री खाली सोडलेली, आत बाबांनी दिलेलं धुपाटणं टांगलेलं. दादरला गाडी थांबली तेव्हा कौसल्यावहिनी डोळे फिरवून डोलत होत्या. दोघी ओकत होत्या, एकीला उभं राहता येईना.

बाबा हजरच होते. "वारं आलं! मारुतीचं वारं अंगात आलं!" बायांनी वहिनींच्या पाया पडायला रांग लावली.

धोंडूची छाती दोन इंच फुगली. चारच दिवसांनी तो चाळीतल्या बावीस बायामुलांना घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या प्रतापगडच्या मोर्चाला निघायचा होता. बाबांनी बजावलं, "वाटभर ताडपत्री घट्ट बांधा. देवाचं वारं बाहेर सांडू देऊ नका."

सोमवारी शैला माझ्या गॅरेजात आली. पलीकडच्या चाळीतली मुलगी, परळच्या एका इस्पितळात नर्स. वर्षभरापूर्वी तिच्या घरानं बुद्धधम्माची दीक्षा घेतली आणि देव्हारा उतरवला. तीही आदल्या दिवशी त्या गाडीत होती.

"रामदासदादा, माझंपण डोकं ठणकत होतं. पण मी फळीच्या टोकाला, बाहेर तोंड काढून बसले होते. जी केबिनजवळ बसली तिच्याच अंगात आलं. गाडीचा धूर निघतो कुठनं आता?"

मी पाना खाली ठेवला. शंखनळी केबिनच्या मागे संपत होती, बरोबर मागच्या लाकडी फळ्यांखाली. आणि त्या फळ्यांच्या फटी मला तोंडपाठ होत्या. फळ्या मीच ठोकल्या होत्या.

"थंडीत दारं लावून शेगडी पेटवून झोपतात ना," शैला म्हणाली, "तसली माणसं आमच्याकडे आणतात. हाच प्रकार. धुरातल्या ह्या विषाला वास नसतो. बाकीच्या धुराचा वास धुपानं झाकला. दादरपर्यंत डोकी फिरली. प्रतापगडपर्यंत काय होईल?"

मी तसाच धावत धोंडूकडे गेलो. खरं सांगू? बावीस माणसांची काळजी होती, पण पायांत जोर होता तो बाबा सापडल्याचा.

धोंडूनं ऐकून घेतलं आणि हसला. "रामदासा, तुज्या पोटात दुखता. माका म्हायत आसा."

"दुखतं! कबूल! पण धूर—"

"आणि ती शैला? ती तर देवच मानूक नाय. एक जळको, एक नास्तिक. तुमचा काय आयकायचा?"

जळका तर मी होतोच. हे मी शैलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग जो जळत नाही आणि ज्याला देवधर्म नाही, अशाला विचारू. आमच्या चाळीतल्या मालनआजीकडे कोंबड्या आहेत ना?"

मंगळवारी नाक्यावर पुन्हा गर्दी. धोंडूच्या पिकअपशेजारी दुसरी पिकअप उभी केली, बाबांचा हात न लागलेली. दोन्हींवर सारखी ताडपत्री, दोन्हींत सारखा धूप. मालनआजीनं दोन कोंबड्या टोपल्यांत घालून आणल्या. कुठली कुठे ठेवायची ते शैलानं धोंडूलाच ठरवायला लावलं.

बाबा खवळले. "अब्रह्मण्यम्! मारुती ब्रह्मचारी! त्याच्या रथात कोंबडी?"

"का हो बाबा," शैलानं विचारलं, "मारुती कोंबडीच्या अंगात येतो का?"

"मुळीच नाही! फक्त भक्ताच्या!"

"मग कोंबडीला काहीच होणार नाही. भ्यायचं कशाला?"

गर्दी हसली. बाबा म्हणाले, हा देवाचा अपमान आहे. धोंडूही कचरला. तेव्हा कौसल्यावहिनी पुढे आल्या. "ठेवा टोपली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या पोरांक घेऊन मी त्या गाडीत बसतलंय. माझ्या अंगात इलो तो कोण, माका कळाक होया."

दोन्ही इंजिनं वीस मिनिटं चालू ठेवली. बाबांनी तेवढ्यात तीन वेळा भीमरूपी म्हटली. मग ताडपत्र्या वर केल्या. दुसऱ्या गाडीतली कोंबडी टोपलीला चोची मारत होती, भलती चिडलेली. धोंडूच्या गाडीतली मान टाकून पडली होती. मालनआजीनं तिला उचलून वाऱ्यावर नेलं, पदरानं वारा घातला. बऱ्याच वेळानं ती लटपटत उभी राहिली आणि पुन्हा बसली. अगदी वहिनी बसल्या होत्या तशी.

धूर डोळ्यांना दिसावा म्हणून मी धोंडूच्या चालू इंजिनात गाळणीतून चमचाभर ऑइल ओतलं. पांढराशुभ्र धूर निघाला आणि सगळ्यांदेखत मागच्या फळ्यांच्या फटींतून वर आला. वहिनींनी तो पाहिला आणि पोराला जवळ ओढलं.

मी बाबांकडे विजयानं बघितलं. जन्मभर पुरेल असा तो क्षण होता. पण तो पुरला नाही.

"नळी चुकली, मान्य," धोंडू म्हणाला. "पण गाडी धावली ती कशी? चार महिने तुका जमला नाय ता बाबांनी पाव तासात केल्यानी. ह्येचा बोल."

"बोल!" बाबांना एकदम कंठ फुटला. "बोल, मत्सरी माणसा! डबा काढला, मारुतीनं श्वास घेतला! घेतला की नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर मला शनिवारीच ठाऊक होतं. ते दिलं तर बाबा संपणार होता आणि त्याच्याबरोबर मीही. नाही दिलं, तर बाबा नळी लांब करून पुन्हा देव होणार होता, आणि लोक त्याचं पुढचं काहीही ऐकणार होते. शैलाही उत्तराची वाट बघत होती. तिला हे ठाऊकच नव्हतं.

मी बाबांच्या गोणत्यात हात घातला आणि धोंडूचा डबा काढला. विसर्जन झालेलं नव्हतंच. झाकण फिरवून उघडलं. आत गिरण्यांतून उडालेल्या कापसाचे तंतू, तेलात थापून करड्या गोधडीसारखे बसलेले.

"इंजिनाला हवा लागते," मी म्हणालो. "ती गाळून आत सोडायला हा डबा. आपल्याकडे हवेत सगळा कापूस उडतो, तो ह्यात अडकतो. महिन्याला झाकण उघडायचं, आतली जाळी रॉकेलनं धुवायची, तेल बदलायचं. हे काम मिस्त्रीचं. तीन वर्षं मी हे झाकण उघडलं नाही. बाबांनी बोळा काढला, चमत्कार केला नाही. डबा धुतला असता तरी गाडी अशीच धावली असती. आता गाळणीतून धूळ आत जाईल आणि वर्षात इंजिन खाईल."

"रिंगा गेल्यात म्हणालंस," धोंडू हळूच म्हणाला.

"खोटं बोललो. कंटाळा केला होता."

कुणी टाळी वाजवली नाही. मी तिथेच डबा धुतला, बसवला, जुनी नळी वेल्डिंग करून मागपर्यंत नेली. धोंडूनं तेवढ्याच गोण्या भरून करी रोडचा पूल तिसऱ्या गिअरमध्ये चढून दाखवला, आणि ह्या वेळी आवाज न करता. तो परत आला तेव्हा बाबा नव्हते. गोणतं तिथेच राहिलं होतं, दहा डब्यांचं. ते धुऊन ज्याचे त्याला द्यायला मला आठवडा लागला.

बावीस जणं ताडपत्री गुंडाळून प्रतापगडला गेली आणि घोषणांनी घसे बसवून सुखरूप परत आली. धोंडूनं शैलाला नारळ दिला. माझ्याकडे मात्र तो पुन्हा आला नाही. गाडी आता वडाळ्याच्या एका मिस्त्रीकडे नेतो. ती माझ्या दारावरून जाते तेव्हा माझं पोट अजून जळतं, पण धोंडूचं काही चुकलेलं नाही.

म्हणून सांगतो. सांगणारा जळका आहे की भला, भगवा आहे की तेलकट, हे बघत बसू नका. बाबा मारुती कोंडलाय म्हणो, नाहीतर मिस्त्री रिंगा गेल्यात म्हणो, मान डोलवण्याआधी त्याला झाकण उघडून दाखवायला सांगा. माझ्या गॅरेजात आलात, तर मलासुद्धा.