रिकामी दिसणारी पेटी

"पापणी पडू देऊ नकोस. तुझी पापणी पडली तर मला काय कळणार?"

बाबांचं हे वाक्य माझ्या कानात आहे ते रंध्याच्या सरसर आवाजासकट. मी दहा वर्षांची, लाकडाच्या ठोकळ्यावर बसलेली, पाय जमिनीला न टेकणारे. समोर तीन पावलांवर बाबा, आणि त्यांच्या हातात नुकतीच पुरी झालेली एखादी वस्तू.

बाबा सुतार होते, पण दारं-खिडक्या करणारे नव्हेत. जादूगारांना लागणाऱ्या लाकडी वस्तू ते घडवायचे. चेंडू गिळणारी फुलदाणी, पत्ता बदलणारी डबी, दोन तळांचा खण. झाकण आणि अंग ते एकाच फळीतून कापत, म्हणजे लाकडाच्या रेघा इकडून तिकडे न तुटता जात आणि सांधा त्या रेघांत विरून जाई. काम करताना ते स्वतःशीच काहीबाही जुळवून गुणगुणत:

रंधा माझा चाले, साल पडे मऊ
आतलं गुपित गं, कुणा नको दावू

गुपित मला दाखवायचं नाही, आणि ते मला दिसतं का हे मात्र मीच सांगायचं. तीन पावलांवरून मला दिसलं नाही तर पहिल्या रांगेत कुणालाच दिसणार नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास. मी 'दिसलं' म्हटलं की वस्तू परत कामाच्या ओट्यावर. चिडणं नाही, वाद नाही.

"पोरीचा डोळा आहे," ते आईला सांगत. "घारीला मागं टाकेल."

"घारीला गृहपाठ नसतो," आई म्हणायची. "सोडा तिला आता."

मग ती अक्रोडाची पेटी आली. सांगितली होती मिशीकाकांनी. ते मोठे जादूगार; मिशी फक्त खेळापुरती चिकटवायचे, आमच्याकडे यायचे तेव्हा ती खिशात असायची. पेटीचं दार उघडलं की आत रिकामं दिसलं पाहिजे. मागची भिंत म्हणजे खरी भिंत नाही, एक पातळ फळी. तिच्यामागं कबूतर मावेल एवढी जागा. आणि पेटीबरोबर त्यांना ती करणाराही हवा होता. दोन वर्षांचा दौरा, दूरदूरचे देश, पडद्यामागची सगळी यंत्रं बाबांच्या हाती.

"पेटी झाली की निघायचं," ते म्हणाले. बाबा हसले. मी दाराआड उभी होते. तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पेटी झाली. मी ठोकळ्यावर बसले. बाबांनी दार उघडलं. आत नुसतं लाकूड, गुळगुळीत, रिकामं, जणू तिथं कधी काही नव्हतंच.

"दिसली," मी म्हटलं. "डावीकडे. फळीची कड दिसली."

मला काहीही दिसलं नव्हतं.

बाबांनी फळी काढून दुसरी केली. मी म्हटलं, दिसली. तिसरी केली. दिसली. चौथ्या वेळी त्यांनी मला कुठं म्हणून विचारलंसुद्धा नाही. पेटी मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. शुक्रवारी मिशीकाका त्यांच्या माणसांना घेऊन निघून गेले.

मला हवं होतं ते मिळालं. बाबा घरीच राहिले. पण त्या रात्री आईला म्हणाले, "हात गेला माझा. आणि डोळाही. पोरीला दिसतंय ते मला दिसत नाही." तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. पुढं तीस वर्षं त्यांनी शाळांसाठी बाक केले. चांगले बाक, न डुगडुगणारे. गुणगुणणं थांबलं. घरात होती नव्हती ती जादूची चीज एका दलालाला देऊन टाकली, अक्रोडाच्या पेटीसकट.

मोठी झाल्यावर मी एकेक वस्तू परत गोळा करायला लागले. दिवसभर दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी कुणाचं जुनं सामान निघालंय, कोणता जादूगार म्हातारा झालाय, याचा माग काढत हिंडायचं. बाबांचं काम मला लांबून ओळखू येतं. बोट फिरवलं की सांधा लागत नाही, आणि वस्तूच्या आत पॉलिश नसतं. जे कुणी बघणार नाही त्याला लाकूडच राहू द्यावं, असं त्यांचं मत. गेल्या एकोणीस वर्षांत तेवीस वस्तू जमल्या. कपड्यांच्या कपाटात कपडे नाहीत.

"आपल्या घरात बसायला धड खुर्ची नाही," माझा नवरा आल्यागेल्याला सांगतो, "पण ससा लपवायला सात जागा आहेत."

बाबा आता एकोणऐंशीचे, आमच्याकडेच असतात. मी एखादी वस्तू आणली की चष्मा पुसून बघतात, हातात फिरवतात, म्हणतात, "बरी केलेली दिसते कुणीतरी." आणि परत देतात. कुणीतरी. दर वेळी मला वाटतं, आता सांगावं. ओठांवर येतं आणि मी चहा टाकायला उठते. आई गेली, तिलाही सांगितलं नाही. मनाशी एक ठरवून ठेवलं होतं: अक्रोडाची पेटी मिळू दे, ती त्यांच्या मांडीवर ठेवीन, मग बोलेन. पेटी मिळत नव्हती तोवर हे ठरवणं सोपं होतं.

ती होती एका निवृत्त दंतवैद्याकडे. आमच्या नादातला जुना माणूस. सहा वर्षं मी त्यांच्या घरी खेटे घातले. काचेच्या कपाटात मधल्या फळीवर ती बसलेली असायची, मधासारख्या रंगाची. ते मला ती दुरून दाखवत आणि विषय बदलत. या महिन्यात त्यांचाच फोन आला. लेकाच्या दोन खोल्यांत राहायला जायचं ठरलं होतं.

"सून म्हणाली, कपड्यांचं कपाट आणा, लाकडांचं नको," ते म्हणाले. "तुमच्या नवऱ्याशी तिचं पटेल."

त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिली, आणि लगेच सोडली नाही.

"जन्मभर लोकांचे दात काढले. आज माझा काढल्यासारखं होतंय." मग म्हणाले, "बावीस वर्षं रोज उघडून बघतो. आत फळी आहे हे मला माहीत आहे. अजून एकदाही दिसलेली नाही. कुणी केली, हेही कुठं लिहिलेलं नाही."

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतले.

घरी आले तेव्हा दुपारचं ऊन बाबांच्या खोलीत तिरकं आलं होतं. ते खिडकीशी खुर्चीत होते. मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. या वेळी ते 'कुणीतरी' म्हणाले नाहीत. चष्माही पुसला नाही. अंगठा दाराच्या कडेवरून एकदा फिरवला, आणि त्यांचा श्वास मला ऐकू आला.

"कुठं सापडली?"

"एका दातांच्या डॉक्टरांकडे. त्यांना बावीस वर्षांत फळी दिसली नाही, बाबा."

"डॉक्टरांना दात दिसतात." त्यांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "अडतीस वर्षं झाली ना गं? रोज झोपताना हिला उघडतो मी. मनात. डाव्या कोपऱ्यात काय चुकलं असेल ते शोधतो." त्यांनी पलंगाकडे बोट केलं. "बस तिकडे. तीन पावलं."

मी मागं सरकून पलंगाच्या कडेवर बसले. आता माझे पाय जमिनीला टेकत होते. बाबांनी पेटी छातीशी धरली आणि दार उघडलं. हात थरथरत होते. पेटीच्या आत काहीच थरथरलं नाही. नुसतं लाकूड, रिकामं.

"दिसते?"

"नाही, बाबा. अजिबात दिसत नाही."

त्यांनी मान हलवली, लहान मुलाला समजावतात तशी.

"म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगतेस. कळतं मला. तेव्हा तू खोटं बोलली नाहीस, म्हणून मी तुला मानायचो. दुसरं पोर असतं तर बापाचं तोंड बघून 'नाही' म्हणालं असतं."

"बाबा—"

"राहू दे. मला सापडलंय आता काय चुकलं ते." त्यांनी खुर्चीशेजारचा खण ओढला. त्यात त्यांची एक जुनी पटाशी असते, पेन्सिलींना टोक करायला ठेवलेली. "डावीकडे फळी धाग्याएवढी जास्त आहे. एक साल काढली की बसेल. तेव्हा मी नवी फळी करत बसलो, जुनीच तासायला हवी होती. मूर्खपणा."

त्यांनी दार पूर्ण मागं टाकलं, पेटी गुडघ्यांत धरली. पटाशी हातात गेली तसा त्यांचा हात थरथरायचा थांबला. इतक्या वर्षांनी तो हात मी पाहिला, स्थिर, चाळिशीतल्या माणसाचा. धार डाव्या कोपऱ्यात जाऊन टेकली. फळी जिथं लाकडाच्या रेघांत विरून गेली होती, नेमकी तिथं. एक साल निघाली असती तर तिथं कड उघडी पडली असती आणि मग ती कुणालाही दिसली असती, तीन पावलांवरून, दहा पावलांवरून, जन्मभर.

मी उठले. त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मनगट तापलेलं होतं.

"सोड, चिमे. हात हलेल माझा."

"बाबा, तासू नका. ती बरोबर आहे. पहिलीही बरोबर होती, चारही बरोबर होत्या. मला तेव्हा एकदाही काही दिसलं नव्हतं. पेटी झाली की तुम्ही निघून जाणार होतात, म्हणून मी 'दिसली' म्हणत राहिले."